पन्नाशीतली पहिली भूमिका आणि तिच्याआधीची वर्षं

प्रिय ताई,

सांगलीहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एकांकिकांमध्ये तिच्या वाट्याला नेहमी आजी, मावशी, मोलकरीण अशीच कामं येतात आणि ती ती चोख करते. मध्यंतरी तिने लिझ स्मिथ या ब्रिटिश अभिनेत्रीबद्दल वाचलं आणि घरात जाहीर केलं, "ती पन्नाशीत सुरू झाली, मग मला कसली घाई? आधी बँक, नाटक नंतर बघू." हे ऐकून हायसं वाटायला हवं होतं, पण रुखरुख लागून राहिली आहे, असं तुम्ही लिहिलंय.

रुखरुख योग्यच आहे. मुलीने गोष्टीचा शेवट वाचलाय, मधली पानं सुटली आहेत.

लिझ स्मिथ 1921 साली इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प या गावी जन्मली. दोन वर्षांची असताना आई गेली, पुढे वडीलही सोडून गेले, आजीने वाढवलं. दुसऱ्या महायुद्धात ती नौदलाच्या महिला दलात होती आणि नवरा भेटला तो भारतात. संसार टिकला नाही. दोन मुलं पदरात, हाताशी पैसा नाही, म्हणून मिळेल ती कामं केली. तेव्हा उशीर हा काही तिने विचार करून ठरवलेला बेत नव्हता, परिस्थितीने तिला थांबवलं होतं. ज्या मुलीला आज दार उघडं आहे तिने याला आदर्श मानून दार लोटून घ्यावं, हे मला पटत नाही.

आता सुटलेली पानं. त्या ओढगस्तीच्या काळात लंडनमध्ये चार्ल्स मॅरोविट्झ या अमेरिकन दिग्दर्शकाचा एक प्रायोगिक गट होता. लिखित संहिता बाजूला ठेवून, प्रसंग जागच्या जागी उभा करण्याचा सराव तिथे चाले. लिझ तिथे वर्षानुवर्षं घाम गाळत होती. प्रसिद्धी नाही, पैसा तर नाहीच. 1970च्या नाताळात ती रीजंट स्ट्रीटवरच्या हॅम्लीजमध्ये खेळणी विकत होती, तेव्हा माइक ली या तरुण दिग्दर्शकाचा निरोप आला. त्याला मध्यमवयीन आणि संहितेशिवाय काम करू शकणारी बाई हवी होती. ताई, ही दुसरी अट नीट वाचा. मध्यमवयीन बायका लंडनमध्ये हजारोंनी होत्या. हा सराव अंगात मुरलेली बाई शोधावी लागली. 1971चा 'ब्लीक मोमेंट्स' हा तिचा पहिला चित्रपट. त्या निरोपात नशिबाचा भाग मोठा होता, ते मी नाकारत नाही. पण निरोप आला तेव्हा ती तयार होती.

पुढचं तुमच्या मुलीला विशेष आवडेल. 'अ प्रायव्हेट फंक्शन' या 1984च्या चित्रपटात लिझने मॅगी स्मिथच्या आईचं काम केलं. दोघींच्या वयात अंतर जेमतेम तेरा वर्षांचं! त्यासाठी तिला सहायक अभिनेत्रीचा बाफ्टा, म्हणजे ब्रिटनचा मानाचा चित्रपट पुरस्कार, मिळाला. 'द रॉयल फॅमिली' या मालिकेतली तिची नॅना, म्हणजे आजी, तर ब्रिटनमध्ये घरोघरी पोहोचली. 2006 साली त्या आजीच्या मृत्यूचा भाग आला तेव्हा लिझ चौऱ्याऐंशी वर्षांची होती. आजीच्या भूमिका मिळतात म्हणून मुलगी मनातून खट्टू असेल, तर हे तिला जरूर सांगा. विशीतल्या मुलीकडे दिग्दर्शक आजी विश्वासाने सोपवतो, म्हणजे तिच्या निरीक्षणात काहीतरी आहे. चरित्र अभिनेत्रीचं भांडवल तेच.

बँकेची परीक्षा तिने द्यावीच. तिथे वयाची मर्यादा आहे, लिपिक पदाला अठ्ठावीस, अधिकारी पदाला तीस. मात्र दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयालाही तिशीचीच अट आहे, हे तिच्या हिशेबात नाही. चरित्र भूमिका पन्नाशीतही मिळतील, शिकण्याची ही जागा मिळणार नाही. म्हणून पदवीनंतरचं एक वर्ष दोन्हीकडे अर्ज करण्यात घालवलं तर वाया जाणार नाही.

समजा नोकरीच मिळाली, तर कुठली हे महत्त्वाचं. अधिकाऱ्याची बदली देशात कुठेही होऊ शकते. लिपिकाची भरती राज्यवार होते, पगार कमी, पण माणूस बहुधा आपल्या भाषेच्या मुलखात राहतो. मराठी नाटक करायचं असेल तर हा फरक फार मोठा आहे. राज्य नाट्य स्पर्धेच्या हौशी संघांत दिवसभर नोकरी करून रात्री तालमीला येणारी माणसं तुमच्या सांगलीतही सापडतील. मुलीला या महिन्यातच अशा एखाद्या तालमीला पाठवा. भूमिका नसली तरी चालेल, प्रॉम्प्टिंगला, म्हणजे नटांना विसरलेली वाक्यं सांगायला, बसू दे.

तिच्याशी बोलताना "बँक की नाटक" असं विचारू नका. आठवड्यातल्या कोणत्या दोन संध्याकाळी तालमीच्या, एवढंच विचारा. तिने वार सांगितले, तर मला पुन्हा लिहा. अर्जांचं वेळापत्रक आपण त्याभोवती बसवू.