लहान मुलांना मोहाबद्दल कसं सांगावं? सैतानाचा धाक दाखवावा का?

जय ख्रिस्त. तुमचा मुलगा सहा वर्षांचा आणि मुलगी चार. मोह म्हणजे काय आणि त्याला नाही कसं म्हणायचं, हे ख्रिस्ती विश्वासातून त्यांना कसं शिकवावं, सैतानाचं नाव घेऊन धाक दाखवावा का, असं तुम्ही विचारलंय. धाक दाखवू नका, हे आधीच सांगते. मी तो माझ्याच मुलीला दाखवला होता.

आम्ही नाशिकला शरणपूर रोडजवळ राहतो. मुलगी सहाची होती तेव्हा आजी तिला दर रविवारी अर्पणासाठी दहाचं नाणं द्यायची. एका रविवारी उपासनेत थैली आमच्या बाकापाशी आली. तिनं मूठ आत घातली, बाहेर काढली, पण नाणं पडल्याचा आवाजच आला नाही. हात हातात घेतला तर बोटं चिकट. संडे स्कूल सुटल्यावर बाकीच्या पोरांबरोबर समोरच्या दुकानात जाऊन जेली घेतली होती.

घरी आल्यावर मी म्हटलं, "येशू सगळं बघत होता हं. आणि सैतान किती खूश झाला असेल!" मला वाटलं, चांगलं ठसेल. पुढचे तीन दिवस रात्रीच्या प्रार्थनेला ती पांघरूण तोंडावर ओढून पडून राहायची. चौथ्या दिवशी आतूनच म्हणाली, "येशू माझ्यावर रागावलाय ना." मोह झाला की ज्याच्याकडे धावत जायचं, त्याचीच भीती मी तिच्या मनात घातली होती.

त्या रात्री तिला जवळ घेऊन बायबलमधली, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली गोष्ट सांगितली. येशूनं रानात चाळीस दिवस उपास केला होता, पोटात कावळे ओरडत होते, तेव्हा सैतान म्हणाला, या धोंड्यांच्या भाकरी कर. ती उठूनच बसली. "येशूला पण खावंसं वाटलं?" हो, वाटलं. भूक लागणं हे पाप नव्हे, जेली हवीशी वाटणं हेही पाप नव्हे. इब्री लोकांस पत्रात लिहिलंय की तो सगळ्या बाबतींत आपल्यासारखाच पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. मुलांना हे आधी कळू द्या. मनात इच्छा आली म्हणजे आपण वाईट झालो असं त्यांना वाटलं, तर ती सांगायचंच बंद करतात.

मोह हा शब्द चार वर्षांच्या मुलीला कळणार नाही. प्रभूच्या प्रार्थनेत आपण "आम्हांला परीक्षेत आणू नको" म्हणतो, तर आमच्या संडे स्कूलच्या वर्गातल्या एका मुलाला कित्येक महिने ती शाळेची परीक्षा वाटत होती. मूळ ग्रीक शब्दात पारख आणि मोह हे दोन्ही अर्थ येतात. मी मुलांना सांगते, "मन ओढ घेतं आणि आतून कुणीतरी नको म्हणतं, ती ओढ म्हणजे मोह." याकोबाच्या पत्रातही माणूस आपल्याच वासनेनं ओढला जातो असंच म्हटलंय. आणि तिथंच असंही आहे की देव कुणाला मोहात पाडत नाही. तेव्हा "देव तुझी परीक्षा बघतोय" असं मुलाला म्हणू नका.

त्या प्रार्थनेची जबाबदारी आपल्यावरही येते. परीक्षेत आणू नको असं सकाळी म्हणायचं, आणि संध्याकाळी चालू मोबाईल पोरासमोर टेबलावर ठेवून त्याला हात लावू नकोस म्हणायचं, हे मला पटत नाही. सहा वर्षांच्या जिवाच्या ताकदीलाही मर्यादा आहे. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचे मुलांसमोर खाऊ ठेवून केलेले प्रयोग तुम्ही वाचले असतील. त्यात खाऊकडे टक लावून बसण्यापेक्षा लक्ष दुसरीकडे वळवणारी मुलं जास्त वेळ थांबू शकली होती. आमच्या घरी मोबाईल रात्री कपाटात जातो, आमचे दोघांचेही.

नुसतं "नाही म्हण" सांगून भागत नाही, पळायचं कुठे तेही सांगावं लागतं. बायबलमधल्या योसेफाची गोष्ट लहान मुलांना बेतानं सांगा, बाकीचा तपशील मोठेपणी कळेल. मालकाच्या घरी त्याला चुकीचं काम करायला ओढलं, तेव्हा तो वाद घालत बसला नाही, ओढणाऱ्याच्या हातात सापडलेलं आपलं वस्त्र तिथंच टाकून पळाला. मुलांना हे पळणं फार आवडतं, आम्ही वर्गात धावूनही दाखवतो. आमचं शरणपूर एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी वसवलं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही तिथं राहून शिकली. रस्त्यावरची पाटी दाखवून मुलीला सांगितलं, शरण म्हणजे धावत जाऊन बिलगायची जागा. तेव्हापासून तिची प्रार्थना एवढीच आहे, "येशू, मी आले, मला धर."

तयारी आधीच करा. आम्ही प्रोटेस्टंट, तरी फेब्रुवारीत नेहरूनगरला कॅथलिक मंडळींच्या बाळ येशूच्या यात्रेला जातोच. काय घ्यायचं आणि किती रुपयांचं, हे घरून निघतानाच तिच्याशी ठरवतो. दुकानासमोर उभं राहून ठरवायला गेलं की रडारड होते.

मुलं चुकणारच. येशूचा शिष्य पेत्र, त्यानं येशूला ओळखत नाही असं तीनदा म्हटलं, पण योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात येशू किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव करून मासे-भाकर घेऊन त्याची वाट बघतो. आधी "या, न्याहारी करा" म्हणतो, प्रश्न खाणं झाल्यावर विचारतो. मी तोच क्रम धरला. मुलीला पोटभर जेवू घातलं, मग विचारलं, आता नाण्याचं काय करायचं? तिनंच सुचवलं, वाढदिवसाच्या पैशातून द्यायचं. फसवून घेतलेलं चौपट परत करणाऱ्या जक्कयाची बायबलमधली गोष्ट तिला तेव्हा ठाऊक नव्हती. पुढच्या रविवारी थैलीत नाणं वाजलं तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं.

आता ती आठ वर्षांची आहे. परवा त्याच दुकानासमोरून येताना तिनं माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "मम्मी, जरा लवकर चल ना."