पाय ४ मध्येच रीस्टार्ट होतो, कार्डं बिघडतात: व्होल्टेज बोर्डावर मोजा, चार्जरवर नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रास्पबेरी पाय ४ (एका बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर) याच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टात एसएसडी डिस्क लावून मोठी फाइल कॉपी करायला घेतली की बोर्ड आपोआप रीस्टार्ट होतो, त्याच सुमारास वायफाय तुटतं, आणि आतापर्यंत तीन एसडी कार्डं गेली. चार्जर मोबाइलचा, त्यावर १८ वॉट लिहिलंय. आता सिस्टिम नव्याने टाकायचा विचार आहे. ती अजिबात टाकू नका. रीस्टार्ट आणि कार्डं या दोन्हींचा पहिला संशय वीजपुरवठ्यावर घ्या. वायफायचं कारण बहुधा निराळं आहे, त्याबद्दल खाली लिहिलंय.

१८ वॉट हा आकडा बहुतेक चार्जरवर ९ व्होल्ट गुणिले २ अँपिअर असा येतो. पाय ४ चार्जरकडे ९ व्होल्ट मागतच नाही, त्यामुळे लेबलावरची फक्त ५ व्होल्टची ओळ वाचा. तिथे २ अँपिअर असेल तर एसएसडीसकट चालवायला तो चार्जर अपुरा आहे. अधिकृत अॅडॉप्टर ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा असतो. तो वरचा ०.१ व्होल्ट केबलमधली घट भरून काढायला ठेवलेला आहे. शिवाय फोनला स्वतःची बॅटरी असते, व्होल्टेज खाली आलं की तो चार्जिंगचा वेग कमी करून निभावून नेतो. पायला अशी सोय नाही. प्रोसेसरने ओढ लावली की करंट त्या क्षणी मिळायलाच हवा.

पण चार्जरपेक्षा केबल जास्त वेळा दोषी निघते. तिच्या वेष्टणावर बारीक अक्षरांत ‘२८एडब्ल्यूजी/१पी २४एडब्ल्यूजी/२सी’ असं काहीतरी छापलेलं असतं. पहिला भाग डेटाच्या जोडीचा, दुसरा विजेच्या दोन तारांचा, आणि आपल्याला दुसराच बघायचा आहे. एडब्ल्यूजी हे तारेच्या जाडीचं माप, त्याचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक. २८ नंबरच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम असतो. एक मीटरच्या केबलमध्ये जाऊन-येऊन दोन मीटर तार होते, म्हणजे ०.४२ ओहम. एक अँपिअर वाहिला की ०.४२ व्होल्ट तारेतच गेले आणि ५.० चे ४.५८ उरले. पायची धोक्याची रेषा ४.६३ व्होल्टला आहे. तीच लांबी २० नंबरच्या तारेची असेल तर रोध ०.०७ ओहमच्या आत राहतो. म्हणून विजेच्या तारा २० किंवा २२ नंबरच्या असलेली, शक्य तितकी आखूड केबल घ्या. दिसायला जाड केबल म्हणजे आत तांबं जाड, असं मात्र नाही.

आता मोजणी. चार्जरच्या तोंडाशी मोजून उपयोग नाही, जीपीआयओच्या (बोर्डावरच्या दोन रांगांतल्या उघड्या) पिनांवर मोजा. बोर्डाच्या कडेलगतची रांग धरा आणि एसडी कार्डाच्या बाजूकडून मोजत या: पहिल्या दोन पिना ५ व्होल्टच्या (क्रमांक २ आणि ४), तिसरी ग्राउंड (क्रमांक ६). मल्टिमीटरचे उघडे प्रोब तिथे टेकवू नका. क्रमांक २ च्या शेजारीच आतल्या रांगेत क्रमांक १ ची ३.३ व्होल्टची पिन आहे. प्रोब निसटून त्या दोघी जुळल्या तर बोर्ड कायमचा जाऊ शकतो. बोर्ड बंद असताना ४ आणि ६ वर दोन फीमेल जंपर बसवा, त्यांची दुसरी टोकं एकमेकांना लागणार नाहीत अशी दूर ठेवा आणि तिथे मीटर लावा. मग बोर्ड चालू करून चारही कोअरवर लोड टाका, सोबत एसएसडीवर कॉपी सुरू करा. ४.८ च्या वर टिकलं तर ठीक. ४.७ दिसत असेल तर केबल किंवा चार्जर बदलाच, कारण साधा मीटर सरासरी दाखवतो आणि मिलिसेकंदाच्या खड्ड्यांचा त्याला पत्ता लागत नाही.

ते खड्डे बोर्ड स्वतः नोंदवतो. ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ ही कमांड द्या. उत्तर ०एक्स० आलं तर सगळं स्वच्छ. ०एक्स५०००० म्हणजे चालू केल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं आणि वेग कमी करावा लागला. शेवटीही ५ दिसला (०एक्स५०००५) तर ते या क्षणी चालू आहे. ०एक्सई०००८ दिसलं तर तो तापमानाचा मामला आहे, विजेचा नाही, मग हीटसिंक आणि पंख्याकडे वळा. इथे बरेच जण एका गोष्टीने फसतात: रीस्टार्ट झाला की या नोंदी पुसल्या जातात. रीस्टार्टनंतर ०एक्स० बघून ‘पॉवर ठीक आहे’ म्हणणं चूक. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून एसएसएचने (नेटवर्कवरून कमांड देण्याची सोय) आत जा, सिस्टिमचे संदेश सतत दाखवणारी ‘डीमेसेज -डब्ल्यू’ कमांड चालू ठेवा आणि मग कॉपी सुरू करा. बोर्ड गेला तरी शेवटच्या ओळी समोरच्या खिडकीत राहतात. त्यात ‘अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड’ असेल तर विषय संपला. जवळ बसला असाल तर लाल एलईडीवरही लक्ष ठेवा, व्होल्टेज रेषेखाली गेलं की तो विझतो किंवा लुकलुकतो.

कॉन्फिग फाइलमध्ये ‘अव्हॉइड_वॉर्निंग्ज=१’ लिहा, असा सल्ला कुणी दिला तर तो घेऊ नका. त्याने पडद्यावरचं विजेचं चिन्ह जातं, व्होल्टेज तेवढंच पडत राहतं.

पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअरची मर्यादा आहे. एसएसडीशिवाय आणखी काही लावलं असेल तर स्वतंत्र अॅडॉप्टर असलेला हब घ्या, पण एक चाचणी आधी करा: हब चालू ठेवून पायची स्वतःची केबल काढा. लाल एलईडी तरीही पेटलेला राहिला तर हब उलट्या वाटेने बोर्डात वीज सोडतोय. तो परत करा.

वीज पक्की झाल्यावरही कॉपी अडकली आणि डीमेसेजमध्ये ‘यूएएस’च्या (यूएसबी डिस्कशी वेगाने बोलण्याची पद्धत) चुका दिसल्या, तर एसएसडीच्या डबीतली यूएसबी-साटा चिप तपासा. ‘एलएसयूएसबी’ने तिचा क्रमांक मिळतो. जेमायक्रॉन कंपनीच्या चिपांचे क्रमांक १५२डी ने सुरू होतात, आणि त्यांच्या काही चिपा यूएएसवर नीट चालत नाहीत. ‘सीएमडीलाइन’ फाइल उघडा (रास्पबेरी पाय ओएसच्या २०२३ च्या ‘बुकवर्म’ आवृत्तीपासून ती बूट/फर्मवेअर फोल्डरमध्ये असते). ओळीच्या सुरुवातीला ‘यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स=’ आणि त्यापुढे क्रमांक, मग कोलन, मग ‘यू’ असं लिहा, सगळं इंग्रजी लहान अक्षरांत. पुढे एक स्पेस सोडा. एंटर दाबू नका, ही फाइल एकाच ओळीची असावी लागते. वेग थोडा उतरेल, पण कॉपी पुरी होईल.

वायफायचं म्हणाल तर यूएसबी ३ च्या सिग्नलचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो. हा पायचाच दोष नव्हे, लॅपटॉपवरही होतो. पाय ४ ला ५ गिगाहर्ट्झ चालतं, त्यावर जा. राउटरला ते नसेल तर चांगलं शिल्डिंग असलेली केबल घेऊन एसएसडी बोर्डापासून दूर ठेवा. कारण हेच आहे का ते बघायचं असेल तर डिस्क काळ्या, म्हणजे यूएसबी २ च्या पोर्टात लावा. वेग बराच पडेल, पण वायफाय टिकलं तर खात्री झाली.

ती तीन कार्डं टाकून देऊ नका. लिहिता लिहिता वीज गेली की बरेचदा फक्त फाइल सिस्टिम मोडते, कार्ड शाबूत असतं. दुसऱ्या लिनक्स कॉम्प्युटरवर प्रत्येक कार्ड फॉरमॅट करून एफ३ या कार्ड तपासणाऱ्या प्रोग्रामच्या ‘एफ३राइट’ने काठोकाठ भरा, मग ‘एफ३रीड’ने वाचून घ्या. एकही खराब सेक्टर निघाला नाही तर ते कार्ड पुन्हा वापरा. ‘एफ३रीड’ला छापलेल्या क्षमतेचा मोठा भाग हरवलेला दिसला तर कार्ड बहुधा मुळात बनावट होतं, ते चांगल्या अॅडॉप्टरवरही टिकणार नाही.