पंचगंगेच्या काठावर खारफुटी लावली तर कोल्हापूरचा पूर अडेल का?

नाही अडणार. खारफुटी समुद्राच्या लाटांचा जोर मोडते, किनाऱ्याची धूप थोपवते, हे खरं. पण आपला पूर लाटेचा नाही, तुंबून राहणाऱ्या पाण्याचा आहे. 2019 ला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 43 फुटांची धोका पातळी ओलांडून 55 फुटांच्या वर गेलं आणि कित्येक दिवस उतरलं नाही.

खारफुटीला नेमकं हेच सोसत नाही. खाडीच्या चिखलात हवा जवळजवळ नसते, म्हणून तिवर या खारफुटीच्या झाडाची मुळं पेन्सिलीएवढी टोकं चिखलातून वर काढतात. ओहोटी लागली की त्यांच्यावरच्या बारीक छिद्रांतून हवा आत जाते. पाणी दिवसातून दोनदा उतरतं, म्हणून हे जमतं. ती टोकं बरेच दिवस बुडून राहिली तर झाड गुदमरतं.

मीठ हवंच असं मात्र नाही. बऱ्याच जाती गोड्या पाण्यातही जगतात, पण तिथं इतर झाडं त्यांना डोकं वर काढू देत नाहीत. खारट चिखलात स्पर्धक थोडे. देवगडच्या खाडीत भर उन्हात तिवराच्या पानावरून बोट फिरवून चाखलं, चक्क खारट! मुळांतून आलेलं जादा मीठ पान बाहेर टाकतं. कांदळ या दुसऱ्या खारफुटीचं बी तर झाडावरच रुजतं, लांब शेंगेसारखं लोंबतं आणि मग खाली पडून तिथंच किंवा वाहत जाऊन दुसरीकडं मूळ धरतं. गळलेली पानं खेकडे बिळात ओढतात, आणि त्या कुजक्यावर कोळंबीची नि माशांची पिल्लं वाढतात.

आपला या जंगलांशी संबंध आहे तो पाण्याचा, आणि तो लोकांना माहीत नसतो याचं मला वाईट वाटतं. गगनबावड्याच्या कड्यावरून पश्चिमेला उतरणारं पाणी विजयदुर्गच्या खाडीकडं जातं. पूर्वेचं पाणी पंचगंगेतून नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिळतं, आणि कृष्णेच्या मुखाशी आंध्रात मोठी खारफुटी आहे. तिला लागणारा गाळ वाटेतली धरणं अडवतात, त्यात आपण नदीत सोडलेलं सांडपाणी.

काठावर लावायचंच असेल तर वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ लावा. माती धरून राहील. पुराचं म्हणाल, तर निळ्या पूररेषेच्या, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीच्या, आत पडणारे भराव आधी थांबायला पाहिजेत.