शेल ढिगाने, गॅस नाही : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा भाचा ह्यूस्टनला असतो. तो सांगतो, अमेरिकेने जमिनीखालचा दगड फोडून इतका गॅस काढला, की आता ती जगाला विकते. आपल्या उमरेड-चंद्रपूरकडे एवढा कोळसा, एवढा शेल. मग आपल्याकडे काहून नाही काढत?
– एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर : भाचा खरं सांगतो. शेल म्हणजे चिखलाचा बारीक गाळ दबून झालेला थराथराचा दगड. टेक्सासमधल्या बार्नेट नावाच्या शेलमागे जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने वर्षानुवर्षं पैसा ओतला. १९९७-९८ च्या सुमारास दगड फोडायला जाडसर जेलऐवजी पातळ पाणी आणि वाळू जबर दाबाने आत सोडली, तेव्हा कुठे गणित जमलं. पुढे आडव्या ड्रिलिंगची जोड मिळाली. २००० साली अमेरिकेच्या वायूत शेलचा वाटा नगण्य होता, आज तो तीन-चतुर्थांशाच्या आसपास आहे.

आता आपलं बघू. उमेदीची वर्षं मी उमरेड-कामठी पट्ट्यात कोळसा शोधायच्या रिगवर, म्हणजे ड्रिलिंगच्या यंत्रावर, काढली. शेल आपल्याकडे ढिगाने आहे. कोअर बॉक्स, म्हणजे ड्रिलने काढलेल्या दगडाच्या नमुन्यांची पेटी, उघडा, कोळशाच्या वर-खाली काळपट राखाडी दगड दिसेल. नखाने ओरखडा उठतो, आणि उन्हात पडला की त्याचे पापुद्रे सुटायला लागतात. तोच हा. कोळशातून तो हाताने वेचून फेकायला माणसं असायची, त्यांचं पदच ‘शेल पिकर’. अमेरिका ज्यावर श्रीमंत झाली ते आम्ही फेकून देत होतो की काय, असं तुम्हाला वाटेल. तसं नाही.

गॅस तयार व्हायला शेलमधला जैविक गाळ शिजावा लागतो. त्यासाठी तो काही किलोमीटर खोल गाडला जाऊन लाखो वर्षं साधारण दीडशे अंशांच्या वर तापायला हवा. वर्धा खोऱ्यातला, म्हणजे चंद्रपूरकडचा, कोळसा ओलसर, पोलादासाठी लागणारा कोक करायला न चालणारा, म्हणजे कमी शिजलेला. जिथे कोळसाच कच्चा राहिला, तिथे त्याला चिकटलेला शेल काय शिजणार? खाणीही हेच सांगतात. मिथेन, म्हणजे कोळशातला पेटणारा वायू, किती निघतो त्यावरून भूमिगत खाणींच्या तीन श्रेण्या ठरतात. झारखंडमधल्या झरियात तिसऱ्या, म्हणजे सर्वाधिक वायूच्या, श्रेणीच्या खाणी आहेत, आपल्याकडच्या बहुतेक पहिल्या. ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीला जानेवारी २०११ मध्ये शेल गॅस मिळाला तो पश्चिम बंगालमधल्या दुर्गापूरजवळ इच्छापूरला, सुमारे १,७०० मीटरवर. खडक आपल्या कोळशासारखे गोंडवन काळातलेच, पण तिथलं दामोदर खोरं जास्त खोल गेलं. अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाने २०१३ मध्ये भारतात ९६ लाख कोटी घनफूट शेल गॅस काढता येण्याजोगा असल्याचा अंदाज दिला, तोही खंभात, कृष्णा-गोदावरी, कावेरी आणि दामोदर या खोऱ्यांचा. त्याच वर्षी आपलं शेल गॅसचं धोरण आलं, २०१८ मध्ये ते खासगी कंपन्यांनाही खुलं झालं. व्यापारी उत्पादन मात्र अजून नाही.

आणि समजा, निघालाच इथे गॅस, तर पाणी कुठून आणणार? दगड फोडायला सुरुवातीच्या काळातल्या एका गॅस विहिरीलासुद्धा एक-दोन कोटी लिटर लागायचं, आताच्या लांब आडव्या विहिरींना त्याहून बरंच जास्त. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर एका विहिरीला हजार-दोन हजार टँकर. मे महिन्यात पेंचच्या पाण्यावर डोळे लावून बसणाऱ्या नागपूरकराला याहून जास्त काय सांगू! शिवाय अशा विहिरीचं उत्पादन पहिल्या वर्षातच निम्म्याहून खाली येतं, म्हणजे नवी विहीर, पुन्हा नवी विहीर. परत वर येणारं खारट, रसायनं मिसळलेलं पाणी टाकायचं कुठे, हा वेगळाच ताप. ओक्लाहोमात तेल-वायू विहिरींचं खारट पाणी खोल जिरवलं आणि भूकंप सुरू झाले. सप्टेंबर २०१६ चा ५.८ तीव्रतेचा होता.

शेल गॅसची हौसच असेल तर तो महाराष्ट्रात येऊन गेलाय. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतल्या सबीन पास बंदराहून द्रवरूप वायूचं जहाज दाभोळला लागलं, ‘गेल’ या सरकारी वायू कंपनीच्या करारातलं पहिलं. आपण विकत घ्यायचा आणि त्यांनी जमीन फोडायची, हा सौदा मला तरी वाईट वाटत नाही. (भाच्याला हे सांगू नका.)

प्रश्न : उमरेड तालुक्यात आमचं शेत आहे. नव्या बोअरच्या पाण्यातून बुडबुडे येतात. पोरांनी काडी लावली तर भपकन पेटलं. हा गॅस विकता येईल का?
– एक शेतकरी

उत्तर : आधी त्या काड्या बंद करा बाप्पा! कोळशाच्या थरातून बोअर गेलं की थोडा मिथेन पाण्याबरोबर वर येऊ शकतो. हवेत तो ५ ते १५ टक्के झाला की स्फोट होतो, ठिणगी स्टार्टरचीही पुरते. बोअरवर बंद खोली असेल तर वरून झरोका ठेवा, स्टार्टर बाहेर लांब लावा. वास येत नाही म्हणून निश्चिंत राहू नका. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो.

विकायचं डोक्यातून काढा. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी जमिनीखालचं खनिजही जमीनमालकाचं असतं, म्हणून तिथला शेतकरी रॉयल्टीसाठी रिगला वाट देतो. आपल्याकडे सातबारा तुमच्या नावचा, पण खालचं तेल-वायू सरकारचं. एका बोअरच्या बुडबुड्यांसाठी कुणी पाइप टाकणारही नाही. तहसीलमध्ये लेखी कळवा, भूजल सर्वेक्षणवाल्यांकडून पाणी तपासून घ्या, आणि तोवर टाकीचं झाकण उघडं ठेवून पाणी भरा, म्हणजे गॅस उडून जाईल.