डिप्रेशन आहे, तर हसते कशी?

"मॅडम, डिप्रेशन असेल तर भाऊ आला की ही हसते कशी?" परभणी-जालन्याकडच्या घरांतून हा प्रश्न मला सारखा येतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक अनुभव सांगते.

२७ वर्षांची सून, सोबत सासूबाई. "दिवसभर झोपायलीय बघा. खाणंबी वाढलंय. ह्याला आजार म्हणावं का आळस?" ती मान खाली घालून म्हणाली, "पाय उचलत नाहीत. मणभर वजन बांधल्यासारखं वाटतं." अकरा तास झोपूनही थकवा. नणंद एखादा शब्द बोलली की चार दिवस तो डोक्यातून जात नाही.

डिप्रेशन म्हटलं की झोप उडते, अन्न जात नाही, एवढंच आपण ऐकलेलं असतं. तिचा प्रकार उलटा होता. त्याला एटिपिकल डिप्रेशन म्हणतात. त्यात काही चांगलं घडलं की मन तेवढ्यापुरतं खुलतं. भाऊ आल्यावर ती हसली, ते ढोंग नव्हतं. आजाराचंच लक्षण होतं. थायरॉईड, हिमोग्लोबिन तपासलं, ते ठीक निघालं. डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी सुरू केली.

तिसऱ्या आठवड्यात नवऱ्याचा फोन, आवाजात आनंद मावत नव्हता. "गोळी लागू पडली!" पहाटे तीनला उठून तिनं एकटीनं पाच किलो गव्हाच्या कुरडया घातल्या होत्या. चीक हाटताना तळहाताला फोड आले, तरी थांबली नाही. झोप जेमतेम तीन तास, थकवा नावाला नाही. सात साड्या उधारीवर आणल्या होत्या.

माझ्या पोटात गोळा आला. पहिल्याच भेटीत विचारायचा प्रश्न मी तेव्हा विचारला: असे दिवस आधी कधी आले होते का? सासूबाईंना लगेच आठवलं. "लग्नाच्या वर्षी आठ दिवस रातभर मशीन चालवून गल्लीतल्या बायांचे ब्लाउज शिवले हिनं. आम्ही म्हणलो, किती कामाची पोर!" माहेरचा एक चुलताही असाच 'अधूनमधून बिघडायचा'.

सलग चार दिवस किंवा जास्त असा चढ आणि मधूनमधून डिप्रेशन, हे बायपोलरच्या, म्हणजे मन कधी चढतं तर कधी खचतं अशा आजाराच्या, दुसऱ्या प्रकाराचं चित्र. त्यातलं डिप्रेशन बरेचदा असंच झोपाळू, खादाड असतं. अशा माणसाला नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर मन उलट्या टोकाला जाऊ शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवलं. त्यांनी ती गोळी बंद करून लिथियम हे मनाचे चढउतार आवरणारं औषध सुरू केलं.

प्रत्येक एटिपिकल डिप्रेशन बायपोलर नसतं. पुष्कळजण गोळी आणि समुपदेशनानं बरे होतात. म्हणून हे वाचून कुणी मनानं गोळी बंद करू नका. गोळी देणाऱ्या डॉक्टरांना आधीचे चढाचे दिवस आणि घराण्यातला आजार मात्र आवर्जून सांगा. विचारायला कुणी नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे.

लिथियमचं आपल्याकडे विशेष जपावं लागतं. उन्हाळ्यात घाम जाऊन शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. निर्जळी उपवास, अचानक मीठ सोडणं, मेडिकलमधून परस्पर आणलेली दुखण्याची गोळी, यांनीही तेच होऊ शकतं. हात जास्त थरथरले, उलट्या झाल्या, तोल जाऊ लागला, तर तडक दवाखाना गाठायचा. रक्ताच्या तपासण्याही चुकवायच्या नाहीत.

सासूबाई आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर सुनेच्या झोपेचे तास पेन्सिलीनं लिहितात. परवा त्यांचाच फोन आला. "दोन दिस झाले, चारच तास झोपायलीय. आणू का?"

म्हटलं, "आजच आणा."