नवऱ्याला कंपनीतलं खरं बाहेर काढायचंय, घराचं काय?

“त्यांचं चुकत नाहीये हो मॅडम, पण आमचं काय?” मी समुपदेशनाचं काम करते, आणि हा प्रश्न माझ्याकडे अधूनमधून येतोच. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीवर नाशिकमधली कितीतरी घरं चालतात, त्यामुळे नवल नाही. विचारणारी बहुतेक वेळा बायको असते आणि ती एकटीच येते.

यातल्याच एका जोडप्याची ही हकिगत, दोघांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतपत बदलून. नवरा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला. तिथे माल टेस्ट न करताच सर्टिफिकेटवर सह्या होत होत्या, आणि त्यातल्या काही सह्या याच्याकडून करून घेतल्या होत्या. झोप उडालेली. रात्री दोनला गच्चीवर फेऱ्या, सकाळी मुलांवर खेकसणं. बायकोचं म्हणणं वेगळंच होतं: “एक इंग्रजी पिक्चर बघितलाय, तेव्हापासून हे डोक्यात बसलंय.”

पिक्चर म्हणजे मायकल मानचा १९९९ सालचा ‘द इनसायडर’. गोष्ट खरी आहे. जेफ्री वायगँड हा अमेरिकेतल्या एका मोठ्या सिगारेट कंपनीचा संशोधन-प्रमुख. १९९३ साली त्याला काढून टाकलं. सिगारेटच्या धोक्याबद्दल कंपनीला आतून काय माहीत होतं, ते गुप्ततेचा करार मोडून तो टीव्हीवर बोलला, पण चॅनलनेच कोर्टकचेरीच्या धास्तीने मुलाखत अडवून धरली. ती पूर्ण दिसायला फेब्रुवारी १९९६ उजाडलं. दरम्यान त्याचा संसार मोडला. शेवटी तो शाळेत शिकवायला लागला.

पुढच्या वेळी मी दोघांना एकत्र बोलावलं. नवरा आवेशात होता. “१९९८ला सिगारेट कंपन्यांना ४६ राज्यांशी २०० अब्ज डॉलरच्या वर तडजोड करावी लागली, मॅडम!”

“त्याच्या बायकोच्या वाट्याला किती आले?” बायकोने विचारलं.

मला हसू आवरलं नाही, पण प्रश्न रास्त होता. नोकरी गेल्याचं कळल्यावर त्या सिनेमातली बायको आधी आजारी मुलीच्या औषधपाण्याचा विमा आणि घराचे हप्ते यांचं विचारते. बघणाऱ्याला ती स्वार्थी वाटते. मला वाटत नाही. हिशोब तिच्या गळ्यात पडतो, पण ठरवताना तिला कोणी विचारलेलं नसतं. धमक्या, पाळत हे सिनेमात उठून दिसतं; माझ्यासमोर येणारी घरं मात्र बरीचशी अबोल्यानेच पोखरलेली असतात.

म्हणून मी दोघांना घरी एक कागद करायला सांगितलं. पगार थांबला तर किती महिने निघतील, सिडकोतल्या फ्लॅटचा हप्ता, पीएफ, सासूबाईंची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, कोणाकडे हात पसरता येईल आणि कोणाकडे मुळीच नाही. कागद बायकोच्या अक्षरात आला. खाली अट होती: मुलीची बारावी होईस्तोवर गप्प बसायचं.

नवऱ्याने मान खाली घातली. तेव्हा बायकोने सहज विचारलं, “पण तो पार्ट असतो कशाचा?”

इतके महिने “क्वालिटीचा घोळ आहे” यापलीकडे त्याने काही सांगितलंच नव्हतं. तिला टेन्शन नको म्हणून.

“ब्रेकचा.”

ती बराच वेळ बोलली नाही. मग पर्समधून पेन काढून तिने ती अट खोडली.

पुढचं काम वकिलाचं होतं, माझं नाही, आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. आपल्याकडचा २०१४चा जागल्या-संरक्षण कायदा, म्हणजे आतला गैरप्रकार उघड करणाऱ्याला (व्हिसलब्लोअरला) संरक्षण देणारा, सरकारी कारभारातल्या तक्रारींसाठी आहे, आणि मंजूर होऊनही तो अंमलात आलेला नाही. खाजगी नोकरदाराने त्याच्या भरवशावर राहू नये. २०१३च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना तक्रारीची अंतर्गत व्यवस्था ठेवावी लागते, आणि बऱ्याच मोठ्या कंपन्या पुरवठादारांकडच्या माणसांच्या तक्रारीही घेतात. वकिलाने माल घेणाऱ्या कंपनीचं धोरण वाचून तो रस्ता सुचवला. कारखान्याचे कागद घरी आणण्याआधी मला विचारा, अशी ताकीदही दिली. तोवर रोज काय घडलं ते तारखेनिशी वहीत लिहायचं. गंमत म्हणजे वही सुरू झाली आणि गच्चीवरच्या फेऱ्या कमी झाल्या.

तक्रार गेली. तपासणी झाली, निष्कर्ष त्याला कोणी कळवला नाही. नवऱ्याला स्टोअरमध्ये बसवलं, जेवणाच्या सुट्टीत त्याच्या टेबलावर कोणी येईना. त्याने नोकरी सोडली. आता सिन्नरला कमी पगारावर आहे, जाण्यायेण्यात वेळ मोडतो. बायकोने शिकवण्या सुरू केल्यात आणि त्याबद्दल ती त्याला टोमणे मारते, अगदी माझ्यासमोरसुद्धा. तो निमूट ऐकून घेतो. पुढची भेट त्याच विषयावर ठेवली आहे.