लसणाच्या कॅप्सूल सुरू करून वडिलांची बीपीची गोळी बंद करता येईल का?

नाही. वडिलांची गोळी बंद करू नका.

लसणाचा परिणाम होतो, पण थोडा. ज्यांचं बीपी मुळात वाढलेलं आहे त्यांच्यात काही महिन्यांच्या अभ्यासांत वरचा आकडा सरासरी 5 ते 8 नं उतरलेला दिसतो. 160 वाल्याला तेवढ्यानं काय होणार? कोलेस्टेरॉलवरचा परिणाम आणखी किरकोळ, आणि हार्ट अ‍ॅटॅक टळतो असा ठोस पुरावा नाही.

खरी काळजी वेगळीच. लसणानं रक्त थोडं पातळ होतं. वडील अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन अशी रक्त पातळ करणारी औषधं घेत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅप्सूल नकोच. दात काढायचा किंवा ऑपरेशन असेल तर कॅप्सूल चालू असल्याचं डॉक्टरांना आधीच सांगा.

कच्चा लसूण ठेचून दहा मिनिटं ठेवला की त्यात अ‍ॅलिसिन, म्हणजे लसणातला परिणाम करणारा घटक, तयार होतो. अख्खी पाकळी थेट तेलात गेली की तो फारसा तयार होत नाही. म्हणून रश्श्यातला लसूण औषधात धरू नका. उलट आपल्या कोल्हापुरी कांदा-लसूण चटणीतलं मीठ बघा! दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅम, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा मीठ पुरे. लोणचं, पापड त्यातच आले.